क्रोम 'आवडते' म्हणे!

संपादक महाशय,

गूगलला क्रोम विकावे लागणार नाही, या वॉशिंग्टनच्या निकालावरचा आपला अग्रलेख वाचला. लोकांना क्रोम आवडते म्हणून लोक ते वापरतात, न्यायालयाने मध्ये कशाला पडावे, असा एकूण सूर. अग्रलेख वाचून झाला आणि मी बहिणीचा अर्ज भरायला बसलो.

एका सरकारी योजनेचे संकेतस्थळ, मुदत दोन दिवसांवर. माझ्या संगणकावर फायरफॉक्स. पान उघडताच मधोमध तांबडी चौकट: 'हा ब्राउझर चालणार नाही. कृपया क्रोम वापरा.' भाचा म्हणाला, "मामा, टाका की क्रोम, फुकट तर आहे." मी पडलो हट्टी. पान मागताना प्रत्येक ब्राउझर आपले नाव सांगतो आणि ते नाव बदलून देणारे एक्स्टेंशन मिळते. ते बसवले, फायरफॉक्सला 'मी क्रोम' म्हणायला लावले. तोच अर्ज त्याच फायरफॉक्समध्ये आधार क्रमांकापासून फोटो चढवण्यापर्यंत बिनबोभाट भरला गेला, पावतीही आली. म्हणजे चालत नव्हते असे काही नव्हतेच. खोली रिकामी असताना आडनाव ऐकून 'कालच दिली हो' म्हणणारे घरमालक आपण सर्वांनी पाहिले आहेत. हे संकेतस्थळ त्यांच्याच पंगतीतले.

यात माझी आवड कुठे आली?

आणि आवडीचाच प्रश्न असेल, तर 2021 या एका वर्षात गूगलने 2,630 कोटी डॉलर कशासाठी मोजले? हा आकडा याच खटल्यात बाहेर आला. फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये आपलेच शोधयंत्र आधीपासून बसलेले असावे, यासाठी दिलेले पैसे. आजच्या दराने सव्वादोन लाख कोटी रुपयांच्या वर. 2022 मध्ये एकट्या ॲपलला 2,000 कोटी डॉलर. ज्याच्या भेळेला आपोआप रांग लागते, तो गिऱ्हाईक आपल्याच गाडीवर आणून सोडायला रिक्षावाल्यांना पैसे चारत नाही. अग्रलेखात हा आकडा एकदाही नाही. 2,630 कोटी डॉलर, महाशय! न्यायाधीश अमित मेहतांनी ऑगस्ट 2024 मध्ये गूगलला बेकायदा मक्तेदार ठरवले ते याच करारांवरून. आता म्हणतात, दुसऱ्याला मज्जाव करणारे करार नकोत, पैसे मात्र देत राहा. (फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचे घरही बव्हंशी गूगलच्याच पैशावर चालते, हे मला ठाऊक आहे. त्याने माझा राग कमी होत नाही, वाढतो.)

हे सगळे आपण एकदा भोगले आहे. 2003 साली मायक्रोसॉफ्टचे एमएसएन हे संकेतस्थळ ऑपेरा ब्राउझरला वेगळीच स्टाइलशीट धाडत असे. मजकूर डावीकडे सरकून कापला जायचा. ऑपेराच्या लोकांनी ब्राउझरचे नाव 'ऑपेरा'ऐवजी 'ओप्रा' असे सांगितले, तर पान नीट! बावीस वर्षांनी मी माझ्या दिवाणखान्यात तीच युक्ती केली, तीही सरकारदरबारी अर्ज करण्यासाठी. तेव्हा निदान मायक्रोसॉफ्ट स्वतःच्या दुकानाची राखण करत होती. आपले सरकार दुसऱ्याच्या दुकानाची फुकट राखण करते. केंद्राचे ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण 2010 पासून आहे. ते कोणत्या कपाटात ठेवले आहे? उद्या फायरफॉक्सही थकला, तर उरतात गूगल आणि ॲपल यांची दोन ब्राउझर-इंजिने. मायक्रोसॉफ्टच्या एजमध्येसुद्धा 2020 पासून गूगलचेच क्रोमियम आहे. भारतात आयफोनवर कोणताही ब्राउझर घ्या, आत ॲपलचे वेबकिटच. युरोपने कायदा करून ते दार किलकिले करून घेतले. आपल्याकडे गूगलला दंड होतो, बातमी होते, आणि संकेतस्थळ पुन्हा आडनाव विचारते.

जाता जाता त्या पावतीबद्दल. ती पीडीएफ. त्यातले बहिणीचे नाव दुसऱ्या फॉर्मात चिकटवायला गेलो, तर इंग्रजी स्वरांवर टोप्या घातलेला चिवडा उमटला. जुना, युनिकोडपूर्व फॉन्ट. मी पंचवीस वर्षे डीटीपी केले. असल्या फॉन्टांत हजारो पाने मीच लावली आहेत, तेव्हा या पापात माझाही वाटा आहे. पण माझ्या दुकानाला टाळे लागून जमाना झाला, हे संकेतस्थळ अजून तिथेच. पडद्यावर नाव दिसते, शोधायला गेले तर सापडत नाही, आणि वर ही पावती 'जपून ठेवा' म्हणून सूचना.

बहिणीचे नाव मी शेवटी हाताने टंकले.

– एक निवृत्त डीटीपीचालक, सोलापूर