शब्दांची शिदोरी

परकी भाषा शिकू इच्छिणारा विद्यार्थी प्रथम दोन पुस्तके मागतो : एक व्याकरणाचे आणि एक शब्दांचे. ही मागणी रास्त आहे. आपल्याकडे संस्कृत शिकणाऱ्या मुलांकडूनही रूपावलीबरोबर अमरकोश पाठ करून घेत असत. रूपावलीने शब्द कसा चालवावा हे कळे. अमरकोशाने चालवावयास शब्द मिळत. मात्र व्याकरणाचे पुस्तक निवडताना आपण जितके चोखंदळ असतो, तितके शब्दांचे साधन निवडताना नसतो. पुष्कळांचा अभ्यास अर्ध्या वाटेवर थांबतो, त्याचे एक कारण हेच होय. जपानी भाषेच्या उदाहरणाने हा विचार अधिक स्पष्ट होईल.

जपानीचे व्याकरण मराठी मुलाला आरंभी फारसे परके वाटत नाही. ‘वाताशि वा मिझु ओ नोमिमासु’ म्हणजे ‘मी पाणी पितो’. कर्ता, कर्म व शेवटी क्रियापद, हा क्रम आपल्यासारखाच आहे. आपण नामाला प्रत्यय जोडतो, तशी तेथेही नामापुढे ‘वा’, ‘ओ’, ‘नि’ अशी लहान अव्यये येतात. नामाला लिंगभेद नाही, हा आणखी एक दिलासा! परंतु शब्दांच्या प्रांतात पाऊल टाकताच ही ओळख संपते. हिंदी किंवा बंगाली शिकताना संस्कृतातून आलेले शब्द जुन्या सोबत्यांसारखे भेटतात. जपानीत असा सोबती क्वचितच भेटतो. शिवाय हिरागाना व काताकाना या दोन लिप्यांची प्रत्येकी 46 मूळ अक्षरे आणि कांजी नावाची चित्रवत् चिन्हे शिकावी लागतात. नित्य व्यवहारासाठी 2010 साली जपान सरकारने ठरविलेल्या यादीत अशी 2136 कांजी आहेत. तेव्हा मोठे ओझे शब्दांचेच आहे, आणि ते वाहून नेण्याचे साधन पारखूनच घेतले पाहिजे.

सर्वांत सोपे दिसणारे साधन म्हणजे दोन रकान्यांची यादी : डावीकडे जपानी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. माझ्या मते हेच साधन सर्वांत फसवे आहे. आपण सदरा घालतो, बूट घालतो आणि टोपीही घालतो. जपानीत सदऱ्यासाठी ‘किरु’, बुटांसाठी ‘हाकु’ आणि टोपीसाठी ‘काबुरु’ अशी तीन निरनिराळी क्रियापदे आहेत. ‘किरु म्हणजे घालणे’ एवढेच पाठ केलेला विद्यार्थी बूटही ‘किरु’ करील, आणि ऐकणारा हसेल! ‘ताबेरु’ म्हणजे खाणे व ‘काएरु’ म्हणजे परतणे. दोन्ही शब्दांचा शेवट सारखाच. परंतु आदराने बोलताना पहिल्याचे ‘ताबेमासु’ होते, तर दुसऱ्याचे ‘काएरिमासु’. यादी हा भेद सांगत नाही. म्हणून शब्दाबरोबर त्याचे रूप आणि एक लहानसे वाक्य देणारे साधनच निवडावे. अशा साधनात शब्दाच्या पाठोपाठ व्याकरणही आपोआप चालत येते.

वाक्यातून शब्द कसा उकलतो, याची एक सुंदर कथा जपानच्याच इतिहासात आहे. 1771 साली एदो नगरात, म्हणजे आजच्या तोक्योत, सुगिता गेम्पाकु, माएनो र्‍योताकु व त्यांचे सहकारी यांनी शरीररचनेचा एक डच ग्रंथ भाषांतरास घेतला. हाताशी पुरेसा शब्दकोश नव्हता. नाकाच्या वर्णनातील एका शब्दापाशी ते अडले. र्‍योताकु यांच्याजवळच्या एका छोट्या पुस्तकात त्या शब्दाची दोन उदाहरणे सापडली : फांदी तोडली की ती जागा तशी होते, अंगण झाडले की कचरा जमून तसा होतो. पुष्कळ विचारानंतर उलगडा झाला, की ‘उंचवटा येणे’ असा त्याचा अर्थ असावा. चेहऱ्यावर नाक तसेच नाही का? हा प्रसंग गेम्पाकु यांनी वृद्धपणी लिहिलेल्या आठवणींत सांगितला आहे. त्यांचा ग्रंथ 1774 साली प्रसिद्ध झाला. दोन वाक्यांनी जो अर्थ दिला, तो मनात कायमचा राहिला.

दुसरी कसोटी स्मरणाची. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून 1885 साली दाखवून दिले, की पाठ केलेले आपण आरंभी झपाट्याने विसरतो, आणि एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा दिवसांचे अंतर ठेवून केलेली उजळणी अधिक फलदायी ठरते. पुढे 1972 साली झेबास्टियान लाइट्नर या लेखकाने कप्प्यांच्या पेटीची युक्ती सुचविली. ज्या पत्त्यावरील शब्द आठवला, तो पत्ता पुढच्या कप्प्यात जातो व उशिराने समोर येतो. न आठवलेला पहिल्या कप्प्यात परततो. जपानी विद्यार्थी कडीत ओवलेल्या छोट्या पत्त्यांवर इंग्रजी शब्द पाठ करतात. त्या जुडग्याला ‘तांगोचो’ म्हणतात. आज मोबाईलवरील साधने उजळणीचा दिवसही आपणच ठरवून देतात. साधन कोणतेही असो. ते आधी प्रश्न विचारते आणि मग उत्तर दाखविते, की उत्तर पुढे ठेवूनच मोकळे होते, एवढे पाहावे.

कोणी म्हणेल, हजारो शब्दांचे तयार पत्ते मिळत असता स्वतः लिहिण्याचा खटाटोप कशासाठी? तयार पत्त्यांनी वेळ वाचतो, हे खरे. आरंभीच्या शब्दांसाठी ते जरूर घ्यावेत. परंतु पुढे आपण वाचलेल्या धड्यातील शब्द आपल्या हाताने, जपानी लिपीतच लिहावा. डच शिकणाऱ्या कात्सु काइश्यू या तरुणाला शब्दकोश विकत घेणे परवडत नव्हते. त्याने तो भाड्याने आणून 1847-48 या काळात त्याच्या दोन प्रती हाताने लिहून काढल्या. एक विकून खर्च भागविला आणि दुसरी स्वतःस ठेवली. असे श्रम आज कोणी करावेत असे नाही. परंतु लिहिताना हात, डोळा आणि मन एकाच शब्दावर स्थिर होतात, हा लाभ आजही खोटा नाही.

म्हणून एक चांगला कोश, एक पत्त्यांचा संच आणि एक व्याकरण एवढी सामग्री पुरे. रोज दहा शब्द घ्यावेत आणि त्याच दिवशी शिकलेल्या नियमात ते गुंफून वाक्ये करावीत. दहा साधने गोळा करणाऱ्यापेक्षा एकच साधन नित्य वापरणारा पुढे जातो. व्याकरण वाट दाखविते, शब्द शिदोरी पुरवितात. आणि प्रवास घडतो तो रोज थोडे चालणाऱ्यालाच.