'गाझी' सापडली; तिचे कागद कुठे आहेत?

विशाखापट्टणमजवळच्या समुद्रतळाशी 'गाझी' या पाकिस्तानी पाणबुडीचे अवशेष भारतीय नौदलाला सापडल्याची बातमी २०२४ साली आली. आत मृत्यू पावलेल्या खलाशांचा मान राखून नौदलाने त्या सांगाड्याला हात लावला नाही. हा निर्णय योग्यच होता. शत्रूचा असला तरी मृत माणूस हा माणूसच असतो. पण मृतांचा मान राखायचा तर ते कसे मेले, हेही खरे सांगावे लागते.

मूळची अमेरिकेची ही पाणबुडी १४ नोव्हेंबर १९७१ रोजी कराचीहून निघाली, ती 'विक्रांत' बुडवण्यासाठी. 'विक्रांत' आधीच अंदमानकडे हलवलेली होती. 'राजपूत' या युद्धनौकेने आपणच 'विक्रांत' असल्याचा आभास निर्माण केला. ३ व ४ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री समुद्रात स्फोट झाला आणि ९३ जणांसह 'गाझी' तळाला गेली.

भारत म्हणतो, 'राजपूत'च्या माऱ्याने ती बुडाली. पाकिस्तान म्हणतो, तिने स्वतः पेरलेल्या सुरुंगांनीच तिचा घात केला. खरे काय, हे कागदपत्रांवरून ठरायला हवे. पण या घटनेची आपल्याकडची कागदपत्रेच नष्ट करण्यात आली, अशा बातम्या २०१० साली छापून आल्या! कागद नसले की काय होते? २०१७ सालच्या 'द गाझी अटॅक' या चित्रपटात 'गाझी'ला भारतीय पाणबुडी बुडवते. असा दावा तर आपल्या नौदलानेही कधी केलेला नाही. तरीही अनेकांच्या मनात आज तोच इतिहास आहे.

त्याच युद्धात ९ डिसेंबरला पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर'ने आपली 'खुकरी' बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांचे नाव देश आदराने घेतो, ते घ्यायलाच हवे. पण त्या १७६ जणांपैकी किती नावे आपल्याला ठाऊक आहेत? इंजिनाशी राबणारा खलाशी कराचीचा असो की कोकणातला, युद्ध पुकारण्याचा निर्णय त्याचा नसतो. मरण मात्र त्याच्या वाट्याला येते.

म्हणून दोन्ही देशांनी १९७१ चे उरलेसुरले दप्तर खुले करावे. विजयाच्या कथा पुष्कळ झाल्या. दोन्ही किनाऱ्यांवरच्या कुटुंबांना आता सत्य मिळाले पाहिजे.