समुद्र तोच, मग किनारा कुठे जास्त का झिजतो?

दर पावसाळ्यात तेच व्हिडिओ आपल्या फोनवर येतात. लाटांनी रस्ता तुटला, माड आडवे झाले, समुद्र गाव गिळतोय. पण सगळा किनारा सारखा झिजत नाही.

राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातली उपग्रह चित्रं आणि प्रत्यक्ष पाहणी यांवरून देशाचा किनारा तपासला. जवळपास एक तृतीयांश किनारा झिजताना दिसला. पश्चिम बंगालमध्ये हे प्रमाण सुमारे ६० टक्के, केरळमध्ये ४६, तर महाराष्ट्रात साधारण २५ टक्के. इतका फरक का? बंदरं, बंधारे, धरणांमुळे अडलेली वाळू अशी कारणं आहेतच. पण पहिला प्रश्न असतो: लाट आदळते कशावर?

बंगालचा किनारा बराचसा नदीने आणलेल्या गाळाचा आहे. तो लाटेबरोबर सहज वाहून जातो. आपल्या कोकणात बऱ्याच ठिकाणी काळा बसाल्ट आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो कठीण असतो, पण अभेद्य नाही. त्याला भेगा असतात. लाट आदळली की भेगेतली हवा दाबली जाते, लाट मागे गेली की ती झटक्यात सुटते. हे रोज हजारो वेळा होतं आणि शेवटी दगड निखळतो. हरिहरेश्वरला खडकात कोरलेल्या खाचा आणि सपाट झालेले कातळ दिसतात, ते समुद्राचंच काम.

दक्षिण कोकणात सड्यावर जांभा आहे. हा दगड सच्छिद्र. वरचा थर उन्हाने कडक होतो, खाली बऱ्याचदा मऊ चिकणमाती असते. लाट पायथा पोखरते, वरून पावसाचं पाणी मुरतं आणि एक दिवस अख्खा तुकडा खाली येतो. म्हणजे तिथे झीज हळूहळू दिसत नाही, एकदम दिसते. केरळमधल्या वर्कलाच्या कड्याचा प्रश्न असाच आहे.

आता फोन काढा. गुगल अर्थवर जुनी उपग्रह चित्रं पाहता येतात. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, लँडसॅटच्या चित्रात एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे ३० मीटर, सेंटिनेल-२ मध्ये १० मीटर. कडा दोन मीटर मागे सरकला तर तिथे काहीच कळणार नाही. दोन, पावसाळ्यात पुळणीवरची वाळू आत जाते आणि हिवाळ्यात बरीचशी परत येते. त्यामुळे मे आणि ऑगस्टची चित्रं शेजारी ठेवून 'किनारा गेला' म्हणणं म्हणजे चुकीच्या डेटावर बरोबर कोड चालवणं. वर्षं वेगळी घ्या, महिना तोच ठेवा, भरती-ओहोटीही बघा.

हे कळून काय उपयोग? वाळूच्या किनाऱ्यावर दगडी भिंत बांधली की पुष्कळदा झीज थांबत नाही, भिंत संपते तिथल्या शेजाऱ्याकडे सरकते. म्हणून प्रत्येक गावाला एकच उपाय चालत नाही. घरच्यांनी 'सी व्ह्यू' प्लॉट बघितला तर किनाऱ्यापासूनच्या अंतराबरोबर खाली दगड कुठला आहे, हेही विचारा. आणि जांभ्याच्या कड्यावर सेल्फी काढताना चार पावलं मागेच थांबा. पायाखालचा भाग आतून पोकळ झालाय का, हे वरून कोणत्याच कॅमेऱ्यात दिसत नाही.