अब्रू इथली, अदालत कुठली?

'अब्रू' हा शब्द मराठीत इतका मुरला आहे, की तो फारसी आहे याची आठवण कुणाला राहिलेली नाही. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचे पाणी! त्याला अरबी 'नुकसान' जोडून आपण 'अब्रुनुकसानी' तयार केली आणि कोर्टाच्या दारात नेऊन उभी केली. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते, म्हणून शब्दाची ही चौकशी. पण मुद्दा नुसत्या शब्दाचा नाही. चेहरा ओळखणारी माणसे जिथे असतात तिथेच चेहऱ्याचे पाणी जाते. जिथे मला काळे कुत्रेही ओळखत नाही, तिथे माझी कसली अब्रू आणि कसले नुकसान?

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १९ सांगते, की नुकसान एका कोर्टाच्या हद्दीत झाले आणि प्रतिवादी दुसऱ्या हद्दीत राहत असेल, तर वादीने दोहोंपैकी कुठेही दावा लावावा. कायद्यातच उदाहरण आहे : दिल्लीत राहणाऱ्याने कलकत्त्यात बदनामीचा मजकूर प्रसिद्ध केला, तर दावा कलकत्त्यात किंवा दिल्लीत. त्या काळी हे सरळ होते. वर्तमानपत्राचा गठ्ठा कुठल्या स्टेशनवर उतरला हे हमालही सांगू शकत होता. आज फेसबुकवरची चार ओळींची पोस्ट सगळ्याच स्टेशनांवर एकदम उतरते. मग वादी म्हणतो, 'या गावात मोबाइलवर मजकूर उघडला, सबब अब्रू येथे गेली, सबब येथील कोर्टास अधिकार आहे.' माझे भांडण या 'सबब'शी आहे.

'कॅरव्हान' मासिकाचे प्रकरण आठवून पाहावे. मासिक दिल्लीचे. त्यातल्या लेखाने दुखावलेली आयआयपीएम ही व्यवस्थापन शिक्षणाची संस्थाही दिल्लीचीच. दावा मात्र २०११ मध्ये लागला आसामातल्या सिलचरला, तोही ५० कोटींचा! तिथला एक स्थानिक सहवादी जोडला की झाले. कोर्टाने मनाई दिली आणि लेख संकेतस्थळावरून उतरवावा लागला. पुढे सर्वोच्च न्यायालयामार्फत प्रकरण दिल्लीला आले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई उठवली. म्हणजे लेख खरा की खोटा हे ठरण्याआधीच जवळजवळ सात वर्षे तो वाचकांपासून लांब राहिला. मोठ्या प्रकाशनाचे हे हाल, तर तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाचे काय होईल?

फौजदारी बाजू तर आणखी कडू. बदनामी हा आजही गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो घटनेला धरून असल्याचे सांगितले आणि १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये जाऊन बसला, दोन वर्षांपर्यंतच्या कैदेसह. खटला कृत्य घडले तिथे किंवा त्याचा परिणाम झाला तिथे चालतो. आता 'परिणाम' मोबाइलच्या पडद्यावर गावोगाव दाखवता येतो. नव्या प्रक्रिया संहितेने आरोपीचे म्हणणे ऐकल्याशिवाय तक्रारीची दखल घेऊ नये असे म्हटले आहे. हेतू चांगला. पण लांबच्या गरीब माणसाला याचा अर्थ एवढाच, की वकील आणि रेल्वेचे तिकीट पूर्वीपेक्षा आधी शोधा! खटला दुसऱ्या राज्यातून हलवायचा, तर थेट सर्वोच्च न्यायालय गाठा. किरकोळ रजा किती आणि तारखा किती!

आमच्या ओळखीतल्या एका शिक्षकाने संस्थेच्या देणग्यांबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर साधा प्रश्न विचारला होता. 'तुला परराज्यातल्या कोर्टात खेचतो' एवढाच निरोप आला. नोटीस नाही, दावा नाही. प्रश्न मात्र रात्रीच पुसला गेला. धमकी देणारे आपलेच होते, हेही सांगितले पाहिजे. जमातीच्या निवडणुकांत आणि संस्थांच्या भांडणांत हे हत्यार आपणही उपसतो, आणि दुसऱ्याने उपसले की जुलूम म्हणून ओरडतो.

मकबूल फिदा हुसेन यांच्या चित्रावरून पंढरपूर, राजकोट, इंदूर, भोपाळ अशा ठिकठिकाणी तक्रारी झाल्या. तिथे आरोप अश्लीलतेचा होता, अब्रुनुकसानीचा नव्हे. पण चित्र इंटरनेटवर होते आणि हद्दीचा खेळ तोच होता. ज्या पंढरपुरात त्यांचा जन्म झाला, तिथलीही एक तक्रार! सर्वोच्च न्यायालयाने प्रकरणे दिल्लीत एकत्र आणली आणि ८ मे २००८ रोजी न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी ती रद्द केली. तोवर नव्वदीतला तो म्हातारा देशाबाहेरच होता.

'मग मालेगावच्या बाईची बदनामी दिल्लीत बसलेल्या माणसाने केली, तर तिने दिल्लीला जायचे का?' असा प्रश्न येईल. रास्त आहे. अजिबात जायचे नाही! तिचा चेहरा मालेगावात ओळखला जातो, तिथेच तिच्या मुलीचे लग्न अडते. अदालत तिथेच भरली पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने डिसेंबर २००२ मध्ये हेच म्हटले. मेलबर्नच्या जोसेफ गटनिक यांच्याविरुद्धचा मजकूर अमेरिकेतल्या न्यू जर्सीतून इंटरनेटवर चढवला होता, तरी तो मेलबर्नमध्ये वाचला गेला आणि त्यांचे नाव तिथे होते, म्हणून खटला तिथे चालू शकतो. हा न्याय मला मान्य आहे. तिचे गाव किंवा त्याचे गाव. तिसरे गाव नको.

पण तिसऱ्या गावातला दावा आपोआप परत जात नाही. संहितेच्या कलम २१ प्रमाणे जागेची हरकत पहिल्याच संधीला, मुद्दे निघण्याआधी घ्यावी लागते. समन्स आले की आपली माणसे आधी मजकूर कसा खरा आहे हे सांगत बसतात. ते नंतर सांगावे. पहिल्या कागदावर पहिला प्रश्न असा असावा : या तालुक्यात फिर्यादीला ओळखणारा आणि हा मजकूर वाचलेला माणूस कोण? त्याचे नाव द्या.