तो नेमकं काय घेतो?

यंदाचा दिवाळी अंक नशेने पोखरलेल्या घरांविषयी आहे. सणासुदीला हा विषय कशाला, असं काही स्नेह्यांनी विचारलं. ज्या घरातलं पोर नशेत बुडालं आहे त्या घराला सण उरतच नाही, म्हणून.

‘अमली पदार्थ’ या एका नावाखाली आपण सगळंच कोंबतो. या पदार्थांसंबंधीच्या १९८५च्या कायद्याचं मराठी नाव लांबलचक आहे, पण त्यात दोन वर्ग आहेत: गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ. अफू, हेरॉइन, गांजा, चरस, कोकेन पहिल्यात. एलएसडी आणि एमडी, म्हणजे मेफेड्रोन, दुसऱ्यात. कित्येकांच्या उशाशी असणारी अल्प्राझोलामची गोळीही या दुसऱ्याच यादीत आहे. कोकेनने गुंगी येत नाही, उलट तरतरी येते. तरी कायद्याने ते गुंगीकारक. नुसत्या पानांची भांग या कायद्याच्या कक्षेबाहेर. आणि दारू-तंबाखू कुठल्याच यादीत नाहीत, जरी सर्वाधिक माणसं त्यांनीच नेली.

कायद्याच्या याद्या वकिलांना लखलाभ. घरच्यांना मात्र पदार्थ कळायलाच हवा. गर्द, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, मिळाली नाही की ‘टर्की’ लागते: अंग ठणकतं, नाकाडोळ्यांतून पाणी, उलट्या, जुलाब. एमडी घेणारा रात्र रात्र जागतो, सगळ्यांवर संशय घेऊ लागतो. झोपेच्या गोळ्यांची सवय लागलेल्याने त्या एकदम सोडल्या तर झटके येऊ शकतात. कोंडून ठेवून व्यसन सोडवणाऱ्या घरांना हे ठाऊकच नसतं.

‘गर्दुल्ला’ हा हिणवणारा शब्द आम्ही या अंकात कुठेही वापरलेला नाही. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात उभ्या केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात उपचारांना आलेल्याला ‘रुग्णमित्र’ म्हणतात. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण शिवी खाल्लेला माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही, लपतो. कायद्यालाही हे कळलेलं आहे. स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पुरे करणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या खटल्यातून संरक्षण देणारं ६४-अ हे कलम त्यात आहे. पोलिसांच्या भीतीने घरात गोष्ट दडवणाऱ्या आईबापांपर्यंत ते पोचलेलंच नाही.

तुमच्या घरात, शेजारात असं कुणी असेल तर तो नेमकं काय घेतो ते त्यालाच शांतपणे विचारा आणि डॉक्टरांना तसंच सांगा. दिवाळी संपायची वाट बघू नका.