‘फॉरमॅट मार’ म्हणण्याआधी...

आपल्या हॉस्टेलात सर्व रोगांवर एकच औषध चालतं. लॅपटॉप स्लो झाला? फॉरमॅट मार! आवाज येत नाही? फॉरमॅट मार! सबमिशनच्या आदल्या रात्री नेट गेलं? मग तर विचारूच नकोस, मारच! हे औषध देणारे ‘डॉक्टर’ प्रत्येक विंगमध्ये दोन-तीन तरी सापडतात. फी माफक : एक कटिंग आणि एक वडापाव. पेशंट वाचतो, फक्त शुद्धीवर आल्यावर त्याला मागचं काहीही आठवत नाही.

या डॉक्टरांकडे दर सेमिस्टरला हमखास येणारी एक केस आहे आणि आजचा लेख तिच्यावरच. लॅपटॉप घेतला की बऱ्याचदा त्याच्यासोबत कुठल्यातरी अँटिव्हायरसची ट्रायल फुकट येते. ट्रायल संपते. मग दर दहा मिनिटांनी कोपऱ्यात लाल चौकोन : पैसे भरा, नाहीतर तुमचं काही खरं नाही! दोन आठवडे माणूस सहन करतो, तिसऱ्या आठवड्यात वैतागून ते अनइन्स्टॉल करतो, रीस्टार्ट करतो... आणि नेट बंद. वायफायचं चिन्ह आहे, सिग्नल फुल्ल आहे, शेजारच्या कॉटवरच्या मोबाईलवर तेच वायफाय धावतंय, पण याच्या ब्राउझरमध्ये एक पान उघडेल तर शपथ.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या केसमध्ये फॉरमॅट मारणं म्हणजे नळाला पाणी आलं नाही म्हणून विहीर बुजवणं. मी माण तालुक्यातला. आमच्याकडे पाणी आलं नाही तर माणूस आधी वरची टाकी बघतो, मग व्हॉल्व्ह, मग पाईप कुठं फुटलाय ते बघत बघत आपल्या नळापर्यंत येतो. शाळेचं तोंड न पाहिलेली माणसं हे करतात. आणि आपण, इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि वर दोन-चार केट्या खर्च करून... असो.

मुळात नेट जातं का? अँटिव्हायरस म्हणजे गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर नव्हे, की काढलं आणि संपलं. बाहेरून येणारं पॅकेट ब्राउझरपर्यंत पोचायच्या आत तपासायचं तर त्याला वाटेतच बसावं लागतं, टोलनाक्यासारखं. नाका उठला, पण रस्त्यावर आडवी टाकलेली दांडी तशीच राहिली, तर गाड्या जाणार कशा?

ही दांडी कुठं अडकते त्या जागाही ठरलेल्या आहेत. एक्सपीच्या काळात ती विनसॉकच्या साखळीत अडकायची. नेट वापरणारे प्रोग्रॅम विनसॉकमधून जायचे आणि अँटिव्हायरस त्या साखळीत आपली एक कडी घुसवायचा. काढताना कडी गेली, पण साखळी परत जोडली गेली नाही, की सगळंच ठप्प. तेव्हाचे सिनिअर रजिस्ट्रीतल्या विनसॉकच्या दोन नोंदी उडवून टीसीपी-आयपी नव्याने टाकायचे. २००४ साली सर्व्हिस पॅक २ आला आणि तेच काम एका ओळीत व्हायला लागलं : ‘नेटश विनसॉक रीसेट’. पुढे व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने पॅकेट तपासायची वेगळी, जरा शिस्तीची सोय दिली, त्यामुळे साखळीत कडी घुसवायची गरज उरली नाही. पण नेटवर्क कार्डाला चिकटून राहिलेला फिल्टर ड्रायव्हर, चुकीकडे बोट दाखवत राहिलेली प्रॉक्सी, बदललेला डीएनएस, अर्धवट मेलेली फायरवॉल सर्व्हिस, ही मंडळी आजच्या विंडोज ११ मध्येसुद्धा मागे राहू शकतात.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीवर हा एवढ्या पोटतिडकीने का लिहितोय? कारण हॉस्टेलमध्ये फॉरमॅटने फार तर पिक्चर आणि गेम जातात. (प्रोजेक्ट रिपोर्टही जातो, पण तो तसाही सिनिअरचाच असतो!) गावाकडे काय जातं ते मी २०२४ च्या जुलैत बघितलं.

आमच्या गावात माझ्या वहिनी सेवा केंद्र चालवतात. एक खोली, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि अंगठा घ्यायचं मशीन. दाखले, उतारे, पेन्शनची कामं आणि जुलै आला की पीक विमा. त्या वर्षी विमा एक रुपयात होता आणि मुदत तोंडावर आलेली. माणमध्ये बाजरीचा विमा म्हणजे काय, ते पाऊस मोजणाऱ्यालाच कळेल. मी सुट्टीवर घरी पोचलो, तर केंद्राच्या दाराबाहेर सकाळीच पंचवीस-तीस माणसं बसलेली, हातात सातबारा आणि पासबुकाची झेरॉक्स.

वहिनी म्हणाल्या, “भावजी, मशीन लई हळू चालत हुतं म्हनून काल रात्री त्यो अँटिव्हायरस काढून टाकला, तर सकाळपास्नं नेटच गेलंय बघा.”

तालुक्याच्या गावच्या रिपेअरवाल्याला त्यांनी फोन केला होता. त्याने मशीन न बघताच निदान केलं होतं : फॉरमॅट, सातशे रुपये, उद्या घेऊन या, परवा मिळेल. परवा! बाहेर बसलेल्यांना हे कोण सांगणार? शिवाय फॉरमॅट झालं की अंगठ्याच्या मशीनचे ड्रायव्हर गेले, सहीच्या डोंगलचं सॉफ्टवेअर गेलं, लोकांचे स्कॅन केलेले कागद गेले, चार वर्षांच्या पावत्या गेल्या. ते सगळं परत बसवायला आणखी दोन दिवस. तोवर मुदत उलटून जाणार. एक म्हातारबाबा सारखे आत डोकावून विचारत होते, “आरं पोरा, आज हुतंय का न्हाई? न्हाईतर म्या शेरडं सोडून आलोय.”

मी टाकीकडून नळाकडे निघालो. वहिनींच्या मोबाईलवर त्याच राऊटरचं नेट चालत होतं, म्हणजे लाईन ठीक, राऊटर ठीक. पाणी गावात आलेलं आहे, आपल्याच घरात शिरत नाही. मग काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’. पत्ता निघाला १६९.२५४ ने सुरू होणारा. हा पत्ता राऊटरने दिलेला नसतो. कोणीच पत्ता देत नाही असं दिसलं की विंडोज स्वतःच स्वतःला असा पत्ता देऊन बसतो. म्हणजे केबल जोडलेली असूनही पॅकेट कार्डाच्या पुढे जात नव्हतं. नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीज उघडल्या. तिथे टीसीपी-आयपी वगैरे यादी असते ना, टिकमार्कवाली? त्या यादीत काल काढून टाकलेल्या अँटिव्हायरसचा फायरवॉल ड्रायव्हर मजेत बसला होता, टिकसकट! टिक काढली, ओके दाबलं, आणि पाच-सहा सेकंदांत १९२.१६८ चा पत्ता आला.

तरीही ब्राउझर उघडेना. बाहेर कुजबुज सुरू. ‘पिंग’ करून बघितलं : राऊटर उत्तर देतोय, बाहेरचा ८.८.८.८ उत्तर देतोय, नावाने केलेला पिंगही चालतोय. म्हणजे डीएनएस ठीक. मग फक्त ब्राउझरच का रुसलाय? प्रॉक्सीची सेटिंग बघितली, तर तिथे १२७.०.०.१. म्हणजे स्वतःचाच पत्ता! ‘वेब प्रोटेक्शन’ चालू असताना ब्राउझर आपली सगळी पानं आधी त्या अँटिव्हायरसच्या दारात नेऊन देत होता. आता दार राहिलं होतं, घर पडलं होतं. प्रॉक्सी बंद केली. शेवटी त्याच कंपनीच्या साईटवरून तिचं स्वतःचं साफसफाईचं टूल उतरवून उरलेला कचरा काढला आणि विंडोजचा स्वतःचा डिफेंडर चालू झालाय ना ते तपासलं. एकूण वेळ चाळीस मिनिटं. खर्च शून्य. म्हातारबाबांचा अर्ज दुपारच्या आत भरून झाला आणि ते शेरडांकडे गेले. संध्याकाळपर्यंत रांग संपली.

यात माझी हुशारी काय? काही नाही. यातली एकही गोष्ट सिलॅबसच्या बाहेरची नव्हती, आणि मला राग येतो तो याचाच. ओएसआयचे सात लेयर आपण सगळेजण ओरलच्या आदल्या दिवशी पाठ करतो. फिजिकल, डेटालिंक, नेटवर्क... कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी घडाघडा म्हणू. पण नेट गेल्यावर याच क्रमाने खालून वर चढत जायचं असतं, हे आपल्या डोक्यात येत नाही. केबल आहे का, कार्ड पॅकेट सोडतंय का, पत्ता मिळाला का, नाव सुटतंय का, आणि मग ब्राउझर. पाच मार्कांचा प्रश्न समोर जिवंत उभा असतो आणि आपण पेनड्राईव्ह शोधत फिरतो.

आपल्याच जिल्ह्यातलं एक उदाहरण देतो. कैलाश काटकर मूळचे रहिमतपूरचे. शिक्षण दहावीपर्यंत, आणि पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात. पुढे कॉम्प्युटर दुरुस्तीला यायला लागले, तेव्हा त्यातल्या कितीतरी मशीनमध्ये व्हायरस असायचा. त्यांचे धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होते, त्यांनी तो साफ करायची टूल्स लिहायला घेतली. त्यातून क्विक हील उभं राहिलं. २००७ मध्ये कंपनीलाही तेच नाव दिलं गेलं आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. (आमच्या गावच्या किस्स्यातला अँटिव्हायरस दुसऱ्याच कंपनीचा, उगीच गैरसमज नको.) सांगायचा मुद्दा असा, की दुकानात आलेल्या मशीनला आत नक्की काय झालंय हा प्रश्न या भावांना पडला. प्रत्येक मशीन पुसून परत देण्यावरच समाधान मानलं असतं, तर ते आजही दुरुस्तीचं दुकानच राहिलं असतं.

फॉरमॅट कधीच नको, असं मी म्हणत नाही. मशीनमध्ये खरोखरच व्हायरस खोलवर घुसलाय, सिस्टिमच्या फाईल्सवर भरवसा उरला नाही, तर बॅकअप घेऊन फॉरमॅट मारणं हाच शहाणपणा. पण अँटिव्हायरस काढल्यावर नेट गेलं हा आजार वेगळा आहे. विंडोज १० आणि ११ च्या सेटिंगमध्ये ‘नेटवर्क रीसेट’ नावाचं बटण आहे, तेसुद्धा मी शेवटीच दाबेन, कारण ते सगळी वायफाय पासवर्डं विसरतं आणि हाताने टाकलेला आयपीही पुसतं. आपल्या लॅबमधल्या मशीनवर ते दाबून बघा, म्हणजे लॅब असिस्टंट काका काय म्हणतात ते कळेल!

कंपन्यांनाही मी सोडणार नाही. बऱ्याच अँटिव्हायरसवाल्यांकडे असं वेगळं साफसफाईचं टूल असतं, याचा अर्थ नेहमीच्या अनइन्स्टॉलने सगळं निघतंच असं नाही, हे त्यांनाही माहीत आहे. आणि ते टूल ठेवलेलं कुठं? साईटवर! ज्याचं नेटच गेलंय त्याने साईटवर जायचं! म्हणून काढायचं ठरलं की आधी ते टूल उतरवून पेनड्राईव्हवर ठेवा, मग अनइन्स्टॉलला हात लावा. आणि ते त्या कंपनीच्याच साईटवरून घ्या. ‘एका क्लिकमध्ये नेट दुरुस्त’ म्हणून दुसरीकडे जे मिळतं, ते काढायला पुन्हा अँटिव्हायरस लागेल.

सर आणि मॅडम लोकांना एक विनंती. नेटवर्कच्या प्रॅक्टिकलमध्ये आपण केबल क्रिम्प करतो, दोन मशीन जोडतो, पिंगचा स्क्रीनशॉट फाईलला चिकटवतो आणि सही घेतो. त्यातलं एक प्रॅक्टिकल असं करा : दहा मशीन मुद्दाम बिघडवून ठेवा. कुठे प्रॉक्सी चुकीची, कुठे डीएनएस बदललेला, कुठे कार्डाच्या यादीतली एक टिक गायब. वेळ एक तास, आणि फॉरमॅट मारणाऱ्याला शून्य. या लॅबमधून निघालेली मुलं दिवाळीला आटपाडी, दहिवडी, म्हसवड, जत असल्या गावी जातात. तिथल्या सेवा केंद्रात, पतसंस्थेत, शाळेत एकच मशीन असतं आणि ते बंद पडलं की गावाची कामं अडतात.

तोवर हॉस्टेलपुरती एक सोय केली आहे. कॉमन रूममध्ये टीव्हीखाली एक दोनशे पानी वही ठेवली आहे. नेट गेलं आणि दुरुस्त झालं, की त्यात तीन ओळी लिहा : काय दिसत होतं, कुठं सापडलं, काय केलं. नाव नाही लिहिलंत तरी चालेल. आजपर्यंत अकरा नोंदी झाल्या आहेत. त्यातल्या चार अँटिव्हायरसच्या, आणि एक चक्क केबल उंदराने कुरतडल्याची. पेन मात्र दोऱ्याने बांधलं आहे, कारण पहिलं दोन दिवसांत गेलं.