न खेळलेल्या खेळाचा राग

कादंबरीवरील टीकेने चिडायला निदान कादंबरी वाचावी लागते, असे मी समजत होतो. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टचा ‘सायबरपंक २०७७’ हा व्हिडिओ गेम १० डिसेंबर २०२० ला आला. ८० लाख प्रतींची नोंदणी आधीच झालेली! तीन दिवस अगोदर परीक्षणे छापून आली. दहापैकी सात गुण देणाऱ्या समीक्षक बाईंवर चाहते तुटून पडले. लखलखाटाने फेफरे येऊ शकते, असा इशारा देणाऱ्या दुसरीला तर मुद्दाम तसलेच व्हिडिओ पाठवले गेले. हा निव्वळ दुष्टपणा. बँकेत तारण न पाहता कर्ज मंजूर करणारे साहेब तपासनिसावरच डाफरत, ते आठवले.

परीक्षकांना फक्त संगणकावरची प्रत मिळाली होती. प्लेस्टेशन ४ वर खेळ धड चालेना. आठवड्यानंतर सोनीने तो विक्रीतून काढून पैसे परत देऊ केले. त्या रांगेत ‘सात’वर चिडलेले किती असतील?